कुशीवर वळलं की डोळे उडतात

प्रश्न: माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. दीड महिन्यापूर्वी पहाटे झोपेतच उजव्या कुशीवर वळल्या आणि एकदम किंचाळल्या, ‘मला धरा, घर फिरतंय.’ मागोमाग उलटी झाली. तेव्हापासून उजवीकडे वळलं की दोन-तीन सेकंद काही होत नाही आणि मग गरगरायला लागतं. त्या वेळी त्यांचे डोळे आपोआप उडतात, वरच्या बाजूला आणि गोल फिरल्यासारखे. अर्ध्या मिनिटात थांबतात. उठवून बसवलं की पुन्हा थोडा वेळ तसंच. लगेच परत झोपवलं तर मात्र त्रास कमी होतो. डाव्या कुशीवर काहीच नाही. मी घाबरून मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवलाय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे ठीक आहेत असं सांगितलं. मानेच्या एक्स-रेमध्ये मणके झिजलेले दिसले म्हणून मानेला पट्टा लावलाय आणि चक्करच्या दोन गोळ्या चालू आहेत. नणंदबाई म्हणतात ही फिट आहे. माझे मिस्टर एमआरआय करून घेऊ म्हणतात. सासूबाई तीन आठवडे आडव्याच झालेल्या नाहीत, रात्रभर खुर्चीत बसून झोपतात. काल मला हळूच विचारलं, ‘मला वेड तर लागत नाहीये ना गं?’ हे डोळ्यांचं नेमकं काय आहे?

उत्तर: ताई, पुढचं सगळं नंतर वाचा. आधी सासूबाईंजवळ बसून एवढं सांगा की त्यांना वेड लागलेलं नाही, त्यांचे डोळे निकामी होत नाहीयेत, आणि तुम्ही लिहिलंय ते फिटसारखं दिसत नाही. दर वेळी एकाच कुशीवर वळल्यावर येणारी, माणूस पूर्ण शुद्धीत असताना अर्ध्या मिनिटात थांबणारी आणि लगेच पुन्हा झोपवलं की कमी होणारी फिट मी इतक्या वर्षांत पाहिलेली नाही.

पत्रावरून निदान करणं बरं नव्हे, आणि शेवटचा शब्द त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांचाच राहील. पण तुमचं पत्र वाचताना मला राहून राहून एक जुनी नोंद आठवत होती. रॉबर्ट बाराणी हे व्हिएन्नाचे कानाचे डॉक्टर. १९१४ सालचं नोबेल पारितोषिक त्यांना अंतर्कर्णावरच्या कामासाठी मिळालं, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. १९२१ साली त्यांनी २७ वर्षांच्या एका बाईची हकीकत लिहून ठेवली. ती उजव्या कुशीवर झोपली की डोळे उजवीकडे गोल झटके घ्यायचे, जबरदस्त गरगरायचं, मळमळायचं, आणि सुमारे ३० सेकंदांत सगळं शांत व्हायचं. लगेच पुन्हा उजवीकडे वळवलं तर काहीच व्हायचं नाही. पुन्हा झटका यायला तिला बराच वेळ पाठीवर किंवा डाव्या कुशीवर पडून राहावं लागायचं. आता तुमचं पत्र याच्या शेजारी ठेवून बघा. शंभर वर्षांपूर्वी एका नोबेलविजेत्यानं जे टिपलं ते तुम्ही घाबरलेल्या अवस्थेत, सासूबाईंना एका हातानं धरून टिपलंत. सगळ्या तपासण्यांमधली सर्वात मोलाची गोष्ट आज तुमच्या मोबाइलमध्ये आहे, ती पुसू नका.

डोळ्यांच्या या झटक्यांना आम्ही निस्टॅग्मस म्हणतो, मराठीत नेत्रकंप. पापणी फडफडते त्याच्याशी याचा संबंध नाही, इथे डोळाच हलतो. मूळ शब्द ग्रीक आहे आणि त्याचं नातं पेंगण्याशी आहे. बसल्या बसल्या डुलकी लागलेल्या माणसाची मान आठवा. हळूहळू एका बाजूला कलत जाते आणि मग एका झटक्यात वर येते. डोळ्यांचं अगदी असंच होतं. आधी ते एका दिशेला हळू सरकतात, मग झटक्यात मागे येतात, पुन्हा सरकतात. बघणाऱ्याला दिसतो तो झटका, म्हणून दिशेचं नाव त्याच्यावरून पडतं. प्रत्यक्षात हळू सरकणं हे कानाचं काम आणि झटका म्हणजे मेंदूनं डोळा पुन्हा जागेवर आणण्याची धडपड.

आता कानाचा डोळ्याशी काय संबंध, हा प्रश्न तुमच्या मनात येणारच. एक गोष्ट करून पाहा. हा मजकूर डोळ्यांसमोर धरून भराभर डावी-उजवीकडे हलवा, अक्षरं पुसट होतील. आता मजकूर स्थिर ठेवून तेवढ्याच वेगानं मान हलवा, अक्षरं वाचता येतील. फरक पडतो कारण दुसऱ्या वेळी तुमचा कान काम करत होता. दोन्ही कानांच्या आत, हाडात कोरलेल्या तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, तिन्ही वेगवेगळ्या दिशांना. त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की नलिका वळते, द्रव क्षणभर मागे राहतो आणि तिथला एक मऊ पडदा वाकतो. त्यावरून डोकं किती आणि कुठे फिरलं हे मेंदूला कळतं, आणि डोळे तेवढेच उलट दिशेला फिरवले जातात. डोकं उजवीकडे, तर डोळे डावीकडे. या सगळ्याला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. नुसत्या नजरेच्या भरवशावर राहिलो असतो तर चालताना दारावरची पाटीही वाचता आली नसती.

या व्यवस्थेची एक खोड आहे. डोकं अगदी स्थिर असतानाही दोन्ही कान मेंदूला सतत संदेश पाठवत असतात, आणि मेंदू पाहतो तो दोघांमधला फरक. जोडीतला एक बैल थकला की गाडी जशी एका अंगाला ओढली जाते, तसं एका कानाचा संदेश कमी-जास्त झाला की मेंदूला वाटतं डोकं फिरतंय. मग तो इमानेइतबारे डोळे उलट दिशेला सरकवतो. डोळ्यांना जसं सांगितलं तसं ते करतात. तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे ठीक आहेत म्हणून सांगितलं ते बरोबरच होतं.

मग सासूबाईंच्या कानाला चुकीचा संदेश कोण देतंय? बहुधा काही सूक्ष्म कण. आपल्या अंतर्कर्णात नलिकांच्या शेजारी एक छोटी पिशवी असते. तिच्यात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक चिकटलेले असतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासचे. सरळ रेषेतली गती आणि गुरुत्वाकर्षण जाणवण्यासाठी ते हवेतच. वयानं, डोक्याला मार लागल्यानं, कधी काहीच कारण नसताना त्यांतले काही सुटतात आणि नलिकेत शिरतात. बहुतेक वेळा मागच्या नलिकेत, कारण ती सगळ्यात खाली असते. बोलताना लोक ‘कानातले क्रिस्टल सरकले’ म्हणतात तो हाच आजार. डॉक्टरांच्या कागदावर बीपीपीव्ही असं लिहिलेलं असेल. अचानक खोली फिरवणाऱ्या आजारांमध्ये हा सर्वाधिक आढळतो.

तुमच्या पत्रातली प्रत्येक ओळ या कणांनी उलगडते, म्हणून मला ती वाचताना भरून आलं. वळल्यावर दोन-तीन सेकंद काही होत नाही, कारण कण नलिकेत घसरायला आणि द्रव ओढायला तेवढा वेळ लागतो. अर्ध्या मिनिटात थांबतं, कारण कण तळाशी पोहोचतात आणि पडदा पुन्हा सरळ होतो. उठवलं की पुन्हा होतं, कारण कण उलट दिशेला घरंगळतात. त्या वेळी झटक्यांची दिशाही उलटी असते, व्हिडिओत नीट पाहा. लगेच परत झोपवलं की कमी होतं, कारण कण विखुरलेले असतात, त्यांचा एकत्र जोर पडत नाही. आणि डोळे ‘वर आणि गोल’ उडतात, कारण उजवी मागची नलिका डोळ्यांच्या ज्या स्नायूंशी जोडलेली आहे ते डोळा खाली ओढतात आणि वळवतात. म्हणून मेंदूचा उलट झटका वरच्या बाजूला आणि जो कान खाली असतो त्याच्याकडे येतो. गोल फिरणं ओळखायचं असेल तर बुबुळाकडे पाहू नका, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या बारीक लाल शिरांकडे पाहा. त्या घड्याळाच्या काट्यासारख्या हलताना दिसतील. एकाच जागी नजर रोखून धरली तर कानामुळे येणारे बरेचसे आडवे झटके दबतात. गोल झटके मात्र सहसा दबत नाहीत, म्हणूनच ते तुम्हाला साध्या डोळ्यांनी दिसले.

मानेबद्दल मला थोडं मनापासून बोलायचंय. चक्कर आली की मानेचा एक्स-रे, एक्स-रेत झीज, झीज म्हणून पट्टा, हे मी घरातच पाहिलंय. माझ्या वडिलांना जवळजवळ दोन वर्षं पट्टा लावून ठेवलं होतं. त्यांनी मान वळवायची सोडली, मग चालायला जायचं सोडलं, मग लोकांत जायचं सोडलं. मी तेव्हा वैद्यकीय शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला होते, मला काही कळत नव्हतं. पुढे एका वयस्कर डॉक्टरांनी त्यांना टेबलावर झटकन आडवं केलं, डोळ्यांकडे अर्धा मिनिट पाहिलं, दहा मिनिटांत कण जागेवर घातले आणि पट्टा त्यांच्या हातात दिला. मी कानाची डॉक्टर झाले त्यामागे ती दहा मिनिटं आहेत. साठी ओलांडलेल्या जवळपास प्रत्येकाच्या एक्स-रेत मणक्यांची झीज दिसते, गरगरणं असो वा नसो. झीज दिसली म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. मानेमुळे डोळे वर आणि गोल उडत नाहीत.

आता करायचं काय. कान-नाक-घशाच्या किंवा मेंदूविकारांच्या अशा डॉक्टरांकडे जा जे चक्करच्या रुग्णांना झोपवून तपासतात. वेळ घेतानाच विचारा, ‘डिक्स-हॉलपाइक चाचणी करता का?’ विचारायला संकोच करू नका. ही चाचणी १९५२ साली लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी मांडली. डिक्सबाई मुळात शस्त्रक्रियेकडे वळलेल्या होत्या, पण युद्धात लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात चेहऱ्याला आणि डोळ्यांना इजा झाली आणि ती वाट बंद झाली. ज्या बाईच्या स्वतःच्या डोळ्यांना दुखापत झाली तिनं आयुष्यभर इतरांचे डोळे वाचले, हे मला फार मोठं वाटतं. चाचणी अशी: टेबलावर बसवून डोकं ४५ अंश एका बाजूला वळवतात आणि झटकन मागे आडवं करतात, डोकं काठाखाली किंचित लोंबतं राहील असं. डोळे उघडे ठेवायचे. डॉक्टर किती सेकंदांनी सुरू झालं, कुठल्या दिशेला गेलं, कधी थांबलं हे पाहतात. काही ठिकाणी जाड भिंगांचे फ्रेन्झल चष्मे किंवा डोळे टिपणारा कॅमेरा असलेला चष्मा वापरतात, पण नुसत्या डोळ्यांनीही काम होतं.

सासूबाईंना आधीच सांगून ठेवा की चाचणीत तो त्रास मुद्दाम आणला जाईल. अर्धा मिनिट वाईट जाईल, पण त्यातूनच कान कळतो आणि नलिका कळते. जाण्यापूर्वी चक्करच्या गोळ्या किती वेळ थांबवायच्या हेही फोनवर विचारा, कारण त्या गोळ्यांमुळे डोळ्यांचे झटके दबू शकतात आणि चाचणी कोरडी जाते.

उजवी मागची नलिका निघाली तर तिथेच, त्याच टेबलावर उपचार होतो. जॉन एपली नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी ही पद्धत काढली आणि १९९२ साली सविस्तर प्रसिद्ध केली. सुरुवातीला त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची चेष्टा केली होती. नुसतं डोकं फिरवून कानाचा आजार बरा होतो यावर कोण विश्वास ठेवणार? आज ती जगभर पहिला उपचार म्हणून वापरली जाते. डोकं उजवीकडे वळवून मागे लोंबतं ठेवायचं, गरगरणं थांबलं की ९० अंश डावीकडे आणायचं, मग अख्खं अंग डाव्या कुशीवर आणि नाक जमिनीकडे, आणि शेवटी उठवून बसवायचं. प्रत्येक स्थितीत अर्धा ते एक मिनिट. कल्पना एवढीच की नलिकेच्या वळणातून कण एकेक पायरी घसरत पुन्हा पिशवीत पडावेत. एक ते तीन वेळा केल्यावर बहुतेकांचं भागतं. नंतर दोन-चार दिवस डोकं हलकं वाटलं, पाऊल थोडं लटपटलं, तर घाबरायचं कारण नाही. आणि त्यानंतर बसून झोपा असं कोणी सांगितलं तर माझ्या मते त्याची गरज नाही. तीन आठवडे खुर्चीत रात्री काढलेल्या बाईला पुन्हा खुर्चीत बसवणं हा अन्याय होईल.

हा उपचार घरी व्हिडिओ बघून करता येतो का? येतो, पण पहिली वेळ डॉक्टरांच्याच हातून होऊ दे. चुकीच्या कानासाठी केला तर उपयोग नाही, आणि कधी कण मागच्या नलिकेतून आडव्या नलिकेत शिरतात. तसं झालं तर दोन्ही कुशींवर झटके येतात आणि ते आडवे असतात, त्याची पद्धत निराळी आहे. शिवाय सासूबाईंच्या मानेची झीज चक्कर आणत नसली तरी मान मागे लोंबवताना काळजी घ्यायला लावते. तो एक्स-रे सोबत न्या. मान फार मागे न झुकवता, कुशीवर झटकन लेटवून करायचा सेमाँ नावाचा प्रकारही आहे.

एमआरआयबद्दल तुमच्या मिस्टरांची काळजी मला समजते. पण चाचणीत हेच ठरावीक चित्र दिसलं तर एमआरआयची गरज सहसा नसते, आणि हे कण त्यात दिसतही नाहीत. ‘एमआरआय नॉर्मल आला, म्हणजे टेन्शनमुळे असेल’ असं ऐकून परतलेले किती तरी लोक मी पाहिलेत. आजार खरा होता, पाहायची जागा वेगळी होती.

गोळ्यांबद्दल. उलटी थांबवायला दोन-चार दिवस त्यांचा उपयोग होतो. पण गोळीनं कण जागेवर जात नाहीत. आणि महिनोन्महिने घेतल्या तर मेंदू सवय करून घेण्याचं स्वतःचं काम करेनासा होतो, वयस्कर माणसाला झोप येते, पाय अडखळतो, पडण्याची भीती वाढते. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन अशांपैकी काही औषधं दीर्घकाळ घेतल्यानं म्हाताऱ्या माणसांत हात कापणं, हालचाल मंद होणं असंही दिसतं. स्वतःच्या मनानं बंद करू नका, पण पुढच्या भेटीत गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांसमोर ठेवा आणि ‘या अजून किती दिवस?’ हे विचाराच.

आता दुसरी बाजू, कारण डोळ्यांचे सगळेच झटके या कणांचे नसतात. मराठीत ‘चक्कर’ हा एक शब्द सगळ्याला पुरवला जातो आणि तिथूनच निम्मा घोळ होतो. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं ही भोवळ, तिचं मूळ बहुधा रक्तदाबात. चालताना झोक जाणं वेगळं. आणि आजूबाजूचं फिरताना दिसणं, ते गरगरणं, त्यात डोळे पाहायचे. डॉक्टरांकडे ‘चक्कर येते’ म्हणून थांबू नका, यांतलं कोणतं ते सांगा.

गरगरणं तासन्तास, दोन-तीन दिवस न थांबता चाललं आणि ऐकू नीट येत असेल, तर कानाच्या तोलाच्या नसेला सूज आलेली असू शकते. तिथे झटके आडवे, किंचित गोल, आणि नेहमी एकाच दिशेला, चांगल्या कानाकडे असतात. त्या दिशेला पाहिलं की ते वाढतात. व्हिएन्नाच्याच गुस्ताव्ह अलेक्झांडर या कानाच्या डॉक्टरांच्या नावानं हा नियम ओळखला जातो. कुशीवर वळण्याशी त्याचं देणंघेणं नसतं. गरगरण्यासोबत एका कानात दडा, घुमल्यासारखा आवाज आणि ऐकू कमी येणं, आणि गरगरण्याचा झटका वीस मिनिटांपासून काही तास टिकणारा, तर तो मेनिएर नावाचा कानाचा आजार असू शकतो. १८६१ साली प्रॉस्पेर मेनिएर यांनी पॅरिसमध्ये ठामपणे सांगितलं की अशा झटक्यांचं मूळ मेंदूत नाही, कानात आहे. याच्यात डोळे बघणाऱ्याला चकवतात, कारण गरगरण्याच्या सुरुवातीला डोळ्यांच्या झटक्यांची दिशा आजारी कानाकडे असते आणि पुढे ती उलटते. एकदाच पाहून निष्कर्ष काढला तर कान चुकतो.

आणि एक विलक्षण प्रकार सांगायचा मोह आवरत नाही. काहींच्या वरच्या नलिकेवरचं हाड झिजून तिथे भोक पडलेलं असतं. अशा माणसाजवळ मोठा आवाज झाला की त्याचे डोळे हलतात आणि खोली तिरकी होते. त्यांच्यातल्या काहींना स्वतःचे डोळे फिरल्याचा आवाज कानात ऐकू येतो. १९९८ साली लॉइड मायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मांडेपर्यंत अशांपैकी काहींना मनोरुग्ण ठरवलं जायचं. तुमच्या सासूबाईंना ते नाही. पण ‘मला वेड तर लागत नाहीये ना’ हा प्रश्न मी त्यांच्याही तोंडून ऐकलाय, म्हणून लिहिलं.

आता हे मात्र घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा. डोळ्यांचे झटके सरळ खाली येत असतील, किंवा डावीकडे पाहिलं की डावीकडे आणि उजवीकडे पाहिलं की उजवीकडे, अशी दिशा बदलत असेल, किंवा गरगरणं थांबतच नसेल आणि सोबत एकाचे दोन दिसणं, बोलणं जड होणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, गिळायला त्रास, अचानक बहिरेपणा, कधी नव्हे एवढं डोकं दुखणं, आधाराशिवाय उभंच न राहता येणं यांतलं एक जरी असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. मेंदूच्या मागच्या भागातला स्ट्रोक असा येतो. पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयसुद्धा तो कधीकधी चुकवतो, त्यामुळे ‘स्कॅन बरा आला’ म्हणून माणूस उभा राहत नसताना घरी आणू नका. डोकं झटकन वळवून डोळे कसे वागतात हे पाहणारी आणि आणखी दोन छोट्या निरीक्षणांची एक तपासणी प्रशिक्षित डॉक्टर अशा वेळी करतात. २००९ साली ती सुरुवातीच्या स्कॅनपेक्षाही सरस असल्याचं दाखवलं गेलं. ती घरी करायची नाही, आणि न थांबणाऱ्या गरगरण्यासाठीच आहे. तुमच्या पत्रात यांतलं एकही लक्षण नाही. ते मी मुद्दाम शोधलं.

भेटीची वेळ मिळेपर्यंत: सासूबाईंना खुर्चीतून उठवा आणि पलंगावर आणा. दोन-तीन उशांवर डोकं उंच ठेवून पाठीवर किंवा डाव्या कुशीवर झोपू द्या, हळू आडवं करा, हळू उठवा, उठल्यावर मिनिटभर पाय खाली सोडून बसू द्या. रात्री न्हाणीघरापर्यंत मंद दिवा ठेवा. वरच्या फळीवरचं काही त्यांनी काढू नये, शिडीवर चढू नये. आजार जिवावरचा नाही, पडणं मात्र महागात पडतं. आणि त्यांना दिवसा चालू द्या, तुमचा हात धरून का होईना. ‘ड’ जीवनसत्त्व तपासून घ्या. ज्यांच्यात ते कमी होतं त्यांना दिल्यावर हा त्रास पुन्हा उलटण्याचं प्रमाण कमी झालं, असं कोरियातल्या मोठ्या अभ्यासात २०२० साली दिसलंय. कारण हा त्रास उलटतो, हेही सांगायला हवं. पाच वर्षांत साधारण निम्म्या लोकांना तो पुन्हा होतो. झाला तर तुम्हाला तो ओळखता येईल, आणि दहा मिनिटांचा उपाय कुठे आहे तेही ठाऊक असेल.

आणखी एक व्हिडिओ काढा, तेही सासूबाईंची तयारी असेल तरच. मोबाइल आडवा धरा, दोन्ही डोळे चौकटीत भरून येतील इतका जवळ, उजेड समोरून. बसलेल्या असताना सुरू करा, झोपवा, थांबेपर्यंत चालू ठेवा, परत बसवल्यावरही अर्धा मिनिट. त्यांना डोळे मिटू देऊ नका, आणि ‘आता उजवा कान खाली’ असं मोठ्यानं बोला, म्हणजे पाहणाऱ्या डॉक्टरांना विचारावं लागणार नाही. नणंदबाईंनाही तो दाखवा.

तपासणी झाली की कोणता कान निघाला आणि त्या रात्री त्या आडव्या झोपल्या का, एवढं मला दोन ओळींत कळवा.